काळ भरला तेव्हा : फादर स्टीफन्स आणि मंडळीचं वर्ष

आजचं वाचन : गलतीकरांस पत्र 4:1-11



बिद्रीत वर्ष कधी सुरू होतं हे बघायला कुणी भिंतीवरचं कॅलेंडर उघडत नाही. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा बॉयलर पेटला, पहिली मोळी पडली, की आमचं वर्ष सुरू. मग रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, फडाकडेला ऊसतोड टोळ्यांच्या खोपी, रात्री-अपरात्री भोंगा. मार्चच्या आसपास पट्टा पडतो आणि परिसर एकदम शांत होतो. पुढे उन्हाळा, पाऊस, पुन्हा लावण. कुठला महिना कशासाठी आहे, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत आहेत. तुमचं वर्ष वेगळ्या खुणांवर चालतं. ऑनलाइन सेल, अप्रेझल, आयपीएल, लाँग वीकएंड. हसू नका, माझंही थोडंफार तसंच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक कॅलेंडर आपल्याला गुपचूप काहीतरी शिकवत असतं: कशाची वाट बघायची, कशाची भीती बाळगायची, आनंद कधी करायचा.

मंडळीचंही एक वर्ष आहे आणि ते येत्या रविवारी सुरू होतंय. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. मग नाताळ, आणि 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण. पुढे राखेच्या बुधवारपासून रविवार सोडून 40 दिवसांचा उपवासकाळ, ज्याला आपण लेंट म्हणतो. मग ईस्टर, आणि ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. राहिलेले बरेचसे आठवडे सामान्यकाळाचे. वेदीवरच्या कापडाचे रंगही त्याप्रमाणे बदलतात: वाट बघायला आणि पश्चात्तापाला जांभळा, आनंदाला पांढरा, आत्म्याच्या अग्नीला लाल आणि रोजच्या वाढीला हिरवा.

आता आजचा उतारा बघा. चौथ्या वचनात पौल सांगतो की काळ पुरता भरला तेव्हा देवाने आपला पुत्र पाठवला. आणि सहाच वचनं पुढे तोच पौल गलतीकरांवर रागावतो, कारण ते दिवस, महिने, ऋतू आणि वर्षं पाळत बसलेत! कोल्हापूर भागातल्या बऱ्याच मंडळ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. त्या परंपरेत नाताळ आणि ईस्टर सोडले तर या ऋतूंना फारसं महत्त्व नव्हतं. त्यामुळे तरुण मुलं मला विचारतात, लेंट बायबलमध्ये कुठे आहे? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर मी आज वाद घालून देणार नाही. एका माणसाचं आयुष्य सांगून देतो.

आमच्या इथून जवळच मुदाळतिट्टा आहे. तिथून एक रस्ता फोंडा घाटाकडे जातो. घाट उतरलं की कोकण, आणि तसंच दक्षिणेला गेलं की गोवा. या माणसाने आयुष्याची 40 वर्षं तिथे काढली. त्यांचं नाव फादर थॉमस स्टीफन्स.

वाट बघण्याचा काळ

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातल्या बुशटन गावी झाला. विंचेस्टरच्या नामांकित शाळेत ते शिकले. त्या काळात इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचं राज्य होतं आणि कॅथलिक मिस्सा कायद्याने बंद होती. स्टीफन्स कॅथलिक श्रद्धेचे. त्यांचा एक श्रीमंत मित्र होता, थॉमस पाउंड. दोघांनी मिळून रोमला जायचं आणि येशू संघात, म्हणजे जेझुइटांत, दाखल व्हायचं ठरवलं. पण पाउंड पकडला गेला आणि त्याची अनेक वर्षं तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच निघाले. 1575 च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये त्यांना संघात घेतलं गेलं.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून त्यांचं जहाज हिंदुस्थानकडे सुटलं. त्या वर्षी ईस्टर 19 एप्रिलला होता. म्हणजे जहाज सुटलं तेव्हा उपवासकाळ संपत आला होता. पुनरुत्थानाचा सण समुद्रावर, पेंटेकॉस्टही समुद्रावर. साडेसहा महिन्यांचा प्रवास. वाटेत दीडशेवर माणसं आजारी पडली आणि त्यांतली 27 दगावली. हे सगळं त्यांनी वडिलांना पत्रात कळवलं आणि ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं. 24 ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागलं. समुद्रमार्गे हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे.

गोव्यात उतरल्यावर पाचच आठवड्यांनी, 29 नोव्हेंबरला, आगमनकाळाचा पहिला रविवार आला. तीस वर्षांचा तरुण, घर कायमचं सुटलेलं, मित्र तुरुंगात, भोवतालची भाषा एक अक्षर कळत नाही. वाट बघणं म्हणजे काय, हे त्या वर्षी त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसेल.

याच सुमारास एक गंमत घडली. जुन्या कॅलेंडरमुळे ईस्टरची तारीख ऋतूंपासून हळूहळू सरकत चालली होती. ती दुरुस्त करायला पोपने 1582 मध्ये 10 दिवस गाळले. रोममध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर उजाडला. हे गणित ज्यांनी समजावलं ते ख्रिस्तोफर क्लाव्हियस, स्टीफन्स जिथे शिकले त्या रोमन कॉलेजातलेच प्राध्यापक. पण इंग्लंडने हे नवं कॅलेंडर 1752 पर्यंत मानलं नाही. म्हणजे स्टीफन्स यांचा देश एका तारखेवर आणि त्यांचा संघ दुसऱ्या तारखेवर. मला वाटतं, पौलाचा राग इथे समजतो. तारखा माणसांनी ठरवलेल्या आहेत. तारखेने कुणाचं तारण होत नाही. मग तारण कशाने होतं, ते पुढे बघू.

राखेचा काळ

स्टीफन्स यांची नेमणूक साष्टी प्रांतात झाली, म्हणजे आजच्या दक्षिण गोव्यातला मडगाव, राशोल, कुंकळ्ळीचा भाग. इथे आपण खोटं बोलायला नको. त्या भागात ख्रिस्ती धर्म तलवारीच्या सोबतीने आला होता. 1567 च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली शेकडो देवळं पाडली होती. जुने सण-उत्सव उघडपणे करायला बंदी होती. लोकांचं देऊळ गेलं, तसं त्यांचं वर्षही गेलं. कधी पेरायचं, कधी नाचायचं, कधी दिवा लावायचा, हे सांगणारं सगळंच.

1583 च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीला नवं चर्च आणि क्रूस उभारायला जागा बघायला पाच जेझुइट गेले. त्यांतले रुदोल्फो अक्वाव्हिवा नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. चिडलेल्या गावकऱ्यांनी पाचही जणांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना ठार केलं. त्यांचे देह मिळवून राशोलला नेऊन पुरायचं काम स्टीफन्स यांच्यावर आलं. थोड्याच दिवसांनी पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच त्यांना मारून टाकलं. चौकशी नाही, खटला नाही.

मित्रांनो, या दोन्ही मृत्यूंसाठी आपल्याला रडता आलं पाहिजे. राखेच्या बुधवारी आपण कपाळावर राख घेतो ती फक्त स्वतःच्या छोट्या-मोठ्या चुकांसाठी नसते. मंडळीच्या नावाने जे घडलं, त्याचीही ती राख असते. हे कबूल करायला वर्षात एक काळ राखून ठेवलेला नसेल, तर आपण ते कधीच कबूल करणार नाही. आपण नाताळातून थेट ईस्टरात उडी मारू.

स्टीफन्स यांनी पुढे काय केलं? त्या रक्तानंतर ते परत जाऊ शकत होते. सत्ता त्यांच्या बाजूची होती, तेव्हा आणखी कडक होऊ शकत होते. त्यांनी तिसरी वाट धरली. ते त्याच लोकांची भाषा शिकत राहिले.

हिरवा काळ

मंडळीच्या वर्षात सर्वांत लांब काळ हिरव्या रंगाचा असतो. सण नाही, उपवास नाही. रविवारमागून रविवार. कुणी फोटो टाकत नाही, स्टेटस ठेवत नाही. स्टीफन्स यांच्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षं अशीच गेली. साष्टीतली गावं, कबुलीजबाब, आजारी माणसं, मुलांची शिकवणी, संघातली जबाबदारीची कामं.

आणि भाषा. 1583 मध्येच त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात एक निरीक्षण नोंदवलं. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात जाहीरपणे मांडली ती 1786 मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांनी कोकणीत प्रश्नोत्तरांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये छापलं गेलं. कोकणीचं व्याकरण लिहिलं, तेही मागाहून, 1640 मध्ये आलं. दोन्ही पुस्तकं छापलेली बघायला ते नव्हते.

ज्यांना वाटतं की आपल्या आध्यात्मिक आयुष्यात सध्या काहीच घडत नाहीये, प्रार्थना कोरडी आहे, रविवार सारखेच आहेत, त्यांनी हा हिरवा काळ आठवावा. ऊस एका रात्रीत भरत नाही. आडसाली उसाला दीड वर्ष लागतं, आणि त्यातले बरेच महिने रानात बघण्यासारखं काही नसतं. नुसतं पाणी देत राहायचं.

काळ भरला

गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांची एक तक्रार होती. जुन्या पोथ्या आमच्याकडून गेल्या, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला, गायला काय? ही मागणी स्टीफन्स यांनी त्यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवली आहे. ग्रंथात एक ब्राह्मण विचारतो आणि पाद्री गुरू उत्तर देतो. मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, कारण लोकांना नेमकं काय हवं होतं ते इथे कळतं. नियम त्यांना भरपूर मिळाले होते. त्यांना गोष्ट हवी होती. ज्या गोष्टीत आपण राहू शकतो, जी आपल्या तोंडात बसते, अशी.

ती गोष्ट 1616 मध्ये राशोलला छापली गेली. आज आपण तिला ख्रिस्तपुराण म्हणतो. स्टीफन्स तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या आसपास होते. हिंदुस्थानात येऊन 37 वर्षं झाली होती. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि ओवी तीच, ज्ञानोबांची आणि नाथांची. भाषा मराठी, तिच्यात कोकणी शब्दांची पेरणी. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून छपाई रोमन लिपीत. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं. आणि आरंभीच मराठी भाषेचं असं कौतुक केलं, रत्नांशी, फुलांशी, सुगंधांशी तिची तुलना करत, की आजही मराठीचा कुठलाही विद्यार्थी त्या ओव्या ओळखतो. योहानाच्या पहिल्या अध्यायात शब्द देही होतो. इथे तो मराठी झाला.

आता या ग्रंथाची रचना बघा. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात 36 अवस्वर, म्हणजे अध्याय. निर्मिती, पतन, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे. हे 36 अध्याय सगळे वाट बघण्याचे आहेत. दुसऱ्या पुराणात 59 अध्याय: प्रभूचा जन्म, सेवा, दुःखसहन, मरण, पुनरुत्थान, स्वर्गारोहण. आणि पहिल्या छापील प्रतीवर जे पोर्तुगीज शीर्षक होतं त्याचा अर्थ होता, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचं विवेचन. येणं. आगमन. मंडळीच्या वर्षाचा पहिला शब्द तोच आहे!

म्हणजे ख्रिस्तपुराण आणि मंडळीचं वर्ष, दोन्ही एकच काम करतात. एक ओव्यांमध्ये आणि दुसरं आठवड्यांमध्ये. ते तुम्हाला गोष्टीच्या सुरुवातीला नेऊन उभं करतात आणि हाताला धरून शेवटापर्यंत चालवतात. चौथ्या वचनातला पौल आणि दहाव्या वचनातला पौल इथे एकमेकांना भेटतात. दिवस पाळून देवाला खूश करायचं असेल, तर तो पुन्हा गुलामगिरीत जाण्याचा रस्ता आहे. पण देवाने काळात पाऊल टाकलंच आहे, तर त्याच्या पावलांमागे वर्षभर चालायचं, हे मुलाचं वागणं आहे, गुलामाचं नाही. मुलगा बापाच्या घरातले दिवस आनंदाने लक्षात ठेवतो.

1619 मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. इंग्लंडला ते पुन्हा कधी गेले नाहीत.

दगड लोटला गेला

गोष्ट इथे संपत नाही. 1649 आणि 1654 मध्ये पुराण पुन्हा छापलं गेलं. चर्चमध्ये ते गायलं जाई. मग 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या सत्तेच्या जहाजातून स्टीफन्स आले होते, त्याच सत्तेने त्यांनी जपलेल्या भाषेचा गळा धरला. छापील आवृत्त्या नाहीशा झाल्या. आज त्या तिन्हींपैकी एकही प्रत कुठे सापडत नाही.

पण ओव्या तोंडात राहिल्या, आणि हाताने उतरवलेल्या वह्यांत. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या सोबत नेल्या. टिपू सुलतानने 1784 मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदी करून नेलं. 1799 पर्यंतच्या त्या कैदेत या ओव्यांनी धीर दिला, असं त्या समाजात सांगितलं जातं. 1907 मध्ये मंगळूरच्याच जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितं जुळवून पुराण पुन्हा छापलं. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट, ज्यांनी आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेली, त्यांना लंडनच्या एका संग्रहात देवनागरीतलं हस्तलिखित आढळलं. 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली. म्हणजे आज ज्याला वाटेल तो हे पुराण आपल्या लिपीत वाचू शकतो.

पुरलेलं बी असं उगवतं. यालाच ईस्टर म्हणायचं.

आणि वर्ष? तेही त्या मातीत रुजलं. गोव्यात 24 जूनला संत योहानाचा सण येतो, सांजांव, तेव्हा मृग बरसून विहिरी भरत आलेल्या असतात आणि पोरं त्यांत उड्या मारतात. बरोबर सहा महिन्यांनी नाताळ, कारण अलीशिबेला तेव्हा सहावा महिना होता असं लूक सांगतो. ऑगस्टमध्ये नव्या भाताची कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला येतात. ज्यांचं वर्ष हिसकावलं गेलं होतं, त्यांच्या वंशजांनी पाऊस आणि प्रभू एकाच वर्षात बसवले. जे घडलं त्याची भरपाई यातून झाली, असं मी म्हणणार नाही. पण देव राखेतूनही काही वाढवतो, एवढं नक्की.

मग आपण काय करायचं?

येत्या रविवारपासून एक छोटी गोष्ट करू. घरात एक मेणबत्ती लावा. दुसऱ्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. त्या उजेडात पाच मिनिटं फोन बाजूला ठेवून बसा आणि जुन्या करारातला वाट बघणाऱ्या एका माणसाचा उतारा वाचा. तुमचं स्वतःचं एक उत्तर न मिळालेलं मागणं असेल, नोकरीचं, लग्नाचं, घरातल्या कुणाच्या आजाराचं, तर तेही त्या उजेडात मांडा. चार आठवडे उत्तराची घाई करू नका. आणि ते वाचन, ती प्रार्थना आपल्या मराठीत करा. चुकतमाकत का होईना. एका इंग्रज माणसाने त्यासाठी 37 वर्षं घातली, आपल्याला तर ती आईकडून फुकट मिळाली आहे.

इकडे कारखान्याची चिमणी रात्रभर धूर सोडतेय. हंगाम सुरू झालाय. आपलाही होऊ दे.

प्रार्थना : हे प्रभू, काळ तुझ्या हातात आहे. आमचे दिवस दुसऱ्याच कुणीतरी वाटून घेतले आहेत, ते आम्ही तुला परत देतो. वाट बघताना आम्हाला धीर दे, राखेत बसताना खरेपणा दे, आणि काहीच घडत नाही असं वाटतं त्या हिरव्या दिवसांत टिकून राहायला शिकव. आमच्या भाषेत तू आलास, तसाच आमच्या वर्षातही ये. येशूच्या नावात मागतो. आमेन.

उद्याचं वाचन : लूक 1:26-38